टाकेल बायांचे मांडे

माय, आज तुला इतकं सांगायचं आहे की कुठून सुरुवात करू तेच कळेना. दुकानात बसले आहे. मागे मशीन चालू आहे, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स निघतोय. कपाळ आणि डोळे बाहेर आलेत, मिशा अजून यायच्यात. त्या येईपर्यंत मला वेळ आहे. अंगाला अजून धुराचा वास येतोय, नखांत कणीक आहे आणि मी लग्नघरून आल्यापासून कारण नसताना हसते आहे. तुझा जावई दोनदा येऊन विचारून गेला, बरं वाटत नाही का म्हणून. बरं वाटतंय रे बाबा, फार बरं वाटतंय, म्हणूनच असं होतंय. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. तुला अक्षर कळायचं नाही, म्हणून आपल्यात पत्र हा प्रकार कधी नव्हताच. आज मात्र राहवेना.

तुझी पोर पाटीवाली झाली आहे, हे तुला ठाऊक नाही. तू पाहिलास तेव्हा जावई धुळ्यात ब्रशनं पाट्या रंगवायचा. पुढे फ्लेक्स आले, ब्रशाला कुणी विचारेना, मग आम्हीही मशीन घेतलं. तो बाहेरची कामं आणतो आणि मजकूर, अक्षर, रंग सगळं मी बघते. आजवर मी किती खोटं छापलं त्याला गणती नाही. ज्याला त्याच्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही त्याला मी जनतेचा लाडका केलंय, ज्यानं बापाला जेवू घातलं नाही त्याच्या बापाला पुण्यस्मरणात ‘प्रेमळ छत्र’ केलंय. लोक सांगतात, आपण छापतो. पण या आखाजीला, शहरातल्यांच्या अक्षय्य तृतीयेला, मी एक पाटी छापली, तिच्यावरचं अक्षर न अक्षर खरं आहे. पिवळ्यावर लाल. टाकेल बायांचे मांडे.

आता तू दचकली असशील. तोच शब्द, माय. शहरातले लोक टाकलेली म्हणतात, आपल्याकडे टाकेल. नवऱ्यानं टाकून दिलेली बाई. तू आखाजीच्या सणाला माहेरी आलीस, कडेवर मी, आणि परत न्यायला सासरचं कुणी आलंच नाही. बाकीच्या पोरी झोके खेळून, आमरस खाऊन, दोन-चार दिवसांत आपापल्या घरी गेल्या. तुझी आखाजी संपलीच नाही. वर्षभरात कळलं की त्यानं दुसरी केली, आणि तेव्हापासून नशिराबादच्या पलीकडच्या त्या आपल्या गावात तुझं नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. टाकेलच्या घरून ताक आण. टाकेलला निरोप दे, उद्या केळीच्या बुडाची पिलं काढायला यायचंय. टाकेलची पोर हुशार निघाली हो. शिवी देताना माणूस निदान आवाज चढवतो, इथं तेही नव्हतं. मीठ दे म्हणावं तसं म्हणायचे.

मी दुसरी-तिसरीत असेन. वर्गातल्या एका पोरीनं मला टाकेलची पोर म्हटलं आणि मी तिच्या डोक्यात पाटी घातली. रक्त आलं. घरी आले तर तू चुलीपाशी बसलेली, आणि बातमी माझ्याआधी पोचलेली. मला वाटलं होतं तू पोटाशी धरशील. तू म्हणालीस, “तिले मारलं कायले? तिनं घरी ऐकलं ते बोलली.” मग खापरावरचा गरम मांडा फडक्यात बांधलास आणि मलाच त्या पोरीच्या घरी द्यायला पाठवलंस. मी रस्ताभर रडत गेले. त्या घरात सगळ्यांनी तो मांडा तूप घालून खाल्ला, बोटं चाटली, आणि मी निघाले तेव्हा तिची आजी आत कुणाला तरी म्हणाली, “टाकेलच्या हाताले चव हाये बरं.” ते ऐकून मी पुन्हा एखादी पाटी शोधत होते.

चव होतीच. आठ गावांत लग्न निघालं की मांड्यांना तूच. पुरण भरलेला गोळा तू दोन्ही हातांवर फिरवायचीस, तो कोपरापर्यंत पसरत जायचा, पातळ, पलीकडचा जाळ दिसेल असा, आणि मग पालथ्या घातलेल्या त्या मातीच्या खापरावर एका झोकात जाऊन बसायचा. सुरकुती नाही की भोक नाही. लग्नघरची माणसं बैलगाडी पाठवून तुला न्यायची. पण हळद लावायची वेळ आली की तू मांडवाच्या मागं. तुझ्या कपाळाला कुंकू होतं, नवरा जिवंत होता, म्हणजे सवाष्ण म्हणायला कुणाची ना नव्हती. तरी हळदीची वाटी तुझ्यापर्यंत येऊन वळायची. तुझे हात वऱ्हाडाच्या पोटाला चालायचे, नवरीच्या गालाला चालायचे नाहीत. मी हे सगळं पाहिलं आणि गप्प राहिले, पण माझ्या लग्नात तरी असं होणार नाही असं धरून चालले होते. माझ्या लग्नातही हळद मामीनं लावली. तू खापरापाशी होतीस. मी पाटावर बसून धुराकडे बघत होते. तेव्हाचा राग अजून आहे, माय, तो कुठं गेलेला नाही.

आता यंदाचं सांगते. जळगावहून नशिराबादकडे जाताना रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथं काही बायांनी मिळून मांड्यांचं काम सुरू केलंय, लग्नाच्या ऑर्डरी, सणाच्या ऑर्डरी, शनिवारी-रविवारी भरीत-पुरी. सगळ्या टाकलेल्या. कुणाला मुलगा झाला नाही म्हणून, कुणाचा रंग काळा म्हणून, कुणाला तर कारणही सांगितलं नाही. त्यांच्यातली म्होरकी वयानं सगळ्यांत लहान आहे, सगळ्या तिला धाकटी म्हणतात. चाळीसगावची सून होती. नवऱ्यानं मोबाईलवर मेसेज पाठवून सोडलं तिला. ती सांगते, “मेसेजच्या खाली फूल पाठवलं व्हतं मेल्यानं,” आणि स्वतःच खदाखदा हसते. आणि मांड्यांचा सगळा भार ज्यांच्यावर आहे त्या कोण, सांग. अक्का! तुझी खापराची जोडीदारीण, आपल्या शेजारची. तू गेल्यावर कित्येक वर्षं माझी त्यांची गाठ नव्हती. पाठ वाकलीय, पण मांडा अजून कोपरापर्यंत जातो.

शेडीवर आधी नाव होतं कुठल्या तरी देवीचं, गृहउद्योग वगैरे. पण येणारी-जाणारी माणसं एकमेकांना पत्ता सांगायची तो टाकेल बायांकडचे मांडे असाच. धाकटीनं ते एकदा कानांनी ऐकलं आणि तिच्या डोक्यात शिरलं: नाव तर लोकांनी ठेवलेलंच आहे, आपण फक्त पाटी लावायची बाकी आहे. तिनं मला फोन केला. मी एवढी खूश झाले की त्याच दिवशी नमुना काढून दुसऱ्या सकाळी जळगावची गाडी पकडली. वाटेत आठ वेळा तो नमुना उलगडून पाहिला असेल. शेजारच्या बाईनं वाचला आणि पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, हसा की मावशी, त्यासाठीच आहे.

शेडीत पोचले तर सगळ्या हसल्या, अक्का हसल्या नाहीत. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्या नमुन्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमी हा शब्द गियला व, पोरी. सारी उमर घोटाघोटानं गियला. आन तुमी तो रस्त्यावर टांगू राह्यल्या?”

धाकटी म्हणाली, “अक्का, लोक मांगून म्हणतातच ना? मंग पुढून वाचू द्या त्यायले. म्हणून म्हणून थकतीन.”

“थकत नही कोनी. उद्या फोनवर गिऱ्हाईक म्हणीन, टाकेल हाये का? मांगं म्हणताना निदान आवाज दाबत व्हते. पाटी लावली की बठ्ठ्यायले मोकयीक. तंव्हा काय करशीन?”

“म्हणीन, हाये ना भाऊ, किती मांडे पाठवू?”

पुन्हा हशा. पण माय, अक्कांचं खरं होतं. मी रोज पाट्या करते, मला कळायला हवं होतं. पाटी लावली की शब्द तुमचा राहत नाही. येणारा-जाणारा, वाचता येणारा प्रत्येक माणूस तो तोंडात घालतो. आपण आपल्याला काहीही म्हणून घेऊ. पण पाटीवर लिहिणं म्हणजे सगळ्यांच्या हातात देणं. ज्यांनी तो दगड मारला त्यांच्याच हातात पुन्हा. मी नमुना गुंडाळायला लागले. आणि मग अक्कांनी ती झोक्याची गोष्ट काढली.

झोक्याचा दिवस मलाही आठवतो, पण अर्धा. आखाजीनंतरचा दिवस, मी चार-पाच वर्षांची. गावाबाहेरच्या कडुलिंबाला मोठा झोका टांगलेला आहे. सासुरवाशिणी निघाल्यात, गाड्या जुंपल्यात, कुणी रडतेय, कुणी लुगड्याच्या ओच्यात सांजोऱ्या बांधून घेतेय. आणि तू अचानक झोक्यावर उभी राहतेस, दोन्ही हातांनी दोर धरतेस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतेस, “जा व पोरीओ, तुमी जा! मी टाकेल बाई, मले कोन येतं न्यायले? आता झोका माहा एकटीचा!” आणि झोका चढत जातो. लुगडं फुगतं. मी खाली उभी राहून टाळ्या पिटतेय, कारण माझी माय सगळ्यांत उंच गेली आहे. एवढंच मला आठवत होतं. पुढचं अक्कांनी सांगितलं.

“मी खाली उभी व्हती,” अक्का म्हणाल्या. “मले बी हसू आलं. मी म्हटलं, खरंच व टाकेल, आता तुलेच झोका. इतकंच. तुह्या मायनं पाय खाली टेकले. झोका थांबवला. माह्याकडं पाह्यलं बी नही, घरी चालली गेली. मंग किती आखाज्या बोलली नही माह्याशी. मले कळेचना. तीच म्हणे, तेच मी म्हटलं. पन तंव्हा मी नांदती व्हती.”

पुढे अक्कांच्या नवऱ्यानंही दुसरी आणली. अक्का एक पेटी घेऊन माहेरी आल्या. पहिल्या दिवशी गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. तू गेलीस. फडक्यात बांधलेला मांडा घेऊन गेलीस, त्यांच्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, “आता म्हण.”

“काय म्हणू?”

“तंव्हा म्हणली व्हती ते. आता म्हण.”

अक्कांनी म्हटलं. तुम्ही दोघी इतक्या हसलात की अक्कांची म्हातारी घाबरून बाहेर आली. मग रडलातही म्हणे. त्यानंतर जन्मभर तुम्ही दोघी एकमेकींना त्याच नावानं हाक मारायचात, खापरापाशी, धुरात, कुणी जवळ नसताना. मला ते माहीत नव्हतं. तुझ्या पोटची पोर, मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू तो शब्द फक्त सोसलास.

अक्का मला म्हणाल्या, “तो शब्द मले तुह्या मायनं देयेल हाये. मी तो बजारात कसा ठेवू? तूच सांग. तिची पोर हाये तू. तू म्हणशीन तसं.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता बघ, दुकानात येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना मी हे सगळं नंतर सांगितलं तर ते म्हणाले, “मग उद्या प्रत्येक शिवी पाटीवर येणार का बाई? जातीच्या शिव्या, लंगड्या-पांगळ्यांना दिलेल्या?” मी म्हटलं, गुरुजी, ते मला विचारू नका. ज्याला त्या शब्दानं भाजलंय त्याला विचारा. एखाद्या घरात सासूची नथ एक सून मिरवते, दुसरी पेटीत कुलूप लावून ठेवते, दोघींनाही सासूची आठवण तेवढीच. कुणाला तो शब्द पुरून टाकायचा असेल तर त्याची कबर उकरायला आपण जाऊ नये. आणि कुणाला तो डोक्यावर घेऊन नाचायचं असेल तर त्याला शहाणपण शिकवू नये. गुरुजींना पटलं नाही. ते म्हणाले, भाषा सुधारायची सोडून तुम्ही घाण मिरवता. मी त्यांना चहा दिला. पण हे सगळं नंतर सुचलं. त्या वेळी शेडीत मला फक्त तू झोक्यावर दिसत होतीस, आणि मी म्हणून गेले, “लावू या, अक्का. मोठी लावू.”

अक्कांनी मांडीवरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, लावायची तर आपल्या हातानं लावायची, शिडीवर पुरुषमाणूस चढवायचा नाही. धाकटी तिथल्या तिथं उडी मारून नाचली. परत आल्यावर मी तुझ्या जावयाला विचारलं, रंग कोणता? तो धुळ्याचा, खरा अहिराणी माणूस, पाटीवर काय लिहायचं आहे ते वाचलं, मान हलवली आणि एवढंच म्हणाला, “पिवयावर लाल लिख. दूरथीन दिसस. बठ्ठास्ले वाचता येवाले पाहिजे.” मला तो तेव्हा फार आवडला. आखाजीच्या दिवशी अक्कांना शिडीवर चढवलं, खाली आम्ही सगळ्यांनी शिडी धरली, आणि पाटी लागली. एक छोटी पाटी टेम्पोसाठीही केली, ऑर्डरीला जाताना पुढं बांधायला.

आज त्या पाटीचं पहिलं लग्न होतं. मी मुद्दाम गेले, मदतीला म्हणून, खरं तर बघायला. लग्नघर मोठं, केळीच्या बागा, दारात मांडव. पहाटेच चुली पेटवल्या, खापरं पालथी घातली. टेम्पो मांडवाच्या तोंडाशी उभा, त्याच्यावर पाटी. जरा ऊन वर आलं तेव्हा नवरीचा काका आला. पांढरा शर्ट, हातात फोन. अक्कांपाशी वाकून म्हणाला, “अक्का, एक इनंती हाये. ते पाटी जरा तिकडं फिरवता का? नवरदेवाकडचे येतीन. शुभकार्य हाये.”

अक्का काही बोलायच्या आत धाकटी उभी राहिली. “कोनती पाटी, भाऊ?”

“ते... टेम्पोवरची.”

“काय लिहेल हाये तिच्यावर?”

“ते... तुमचं ते नाव.”

“काय नाव?”

आणि माय, तो थांबला! त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ज्या मुलखात हा शब्द मिठासारखा वापरतात तिथला पन्नाशीचा माणूस, यानं आयुष्यात हजार वेळा म्हटला असेल, कदाचित मांड्यांची ऑर्डर देताना घरात त्यानं हाच शब्द वापरला असेल, आणि आता तो समोर लाल अक्षरांत लिहिलेला आहे तर त्याला तो उच्चारता येईना. कान लाल झाले त्याचे. धाकटी वाट बघत उभी, कमरेवर हात. मी पीठ मळता मळता थांबले. अक्का म्हणाल्या होत्या सगळ्यांना मोकळीक होईल. उलटंच झालं गं! मागं म्हणायला सोपं असतं ते समोर वाचायला जड जातं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, पाटी करणाऱ्या मलाही नाही.

अक्कांनी धाकटीचा हात ओढून तिला खाली बसवलं. मांडा हातावर होता तो खापरावर सोडला, मग मान वर केली. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “पाटी नही फिरायची. आमच्यात उलटं फक्त खापर ऱ्हातं. मांडे करू का चुल्हा इझवू, तेवढं सांगा.”

काका म्हणाला, “करा, करा.” आणि जवळजवळ पळालाच. तो गेल्यावर आम्ही जे हसलो, धुरानं की हसण्यानं, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.

वऱ्हाड आलं, जेवणावळी बसल्या, आमरस आणि मांडे. कुणी पाटीकडे बघून कोपरखळी मारली, कुणी फोटो काढला, एका बाईनं आपल्या पुतणीच्या लग्नासाठी धाकटीचा नंबर घेतला. एक चिमुरडी पाटीसमोर उभी राहून मोठ्यानं अक्षरं जुळवत होती, टा, के, ल. आजीचा पदर ओढून म्हणाली, टाकेल म्हंजे काय? मी कान टवकारले. म्हातारी पाटीकडे बघत राहिली, आमच्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, “मांडे करनाऱ्या बाया, माय. अशा दुसरीकडं भेटत नही.” तिनं टाळलं असेल. नातीला लग्नाच्या दिवशी काय सांगायचं म्हणून वेळ मारून नेली असेल. असू दे. त्या पोरीच्या डोक्यात तो शब्द तसाच शिरला, पुरणाच्या वासासकट. मला तिथंच उड्या माराव्याशा वाटत होत्या.

सगळंच गोड झालं असं नाही हं. हळदीला आमच्यापैकी कुणाला बोलावलं नाही. वाटी मांडवातच फिरली आणि मांडवातच राहिली. धाकटी म्हणाली, पुढच्या लग्नात वाटीच मागून घेऊ. अक्का म्हणाल्या, मागून घेतलेली हळद कायले लावायची. दोघींचं त्यावरून वाजलं, आणि अजून वाजत असेल.

आता शेवटचं सांगते, मशीन थांबत आलंय, मिशा आल्या, आता हार येतोय. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा तीच म्हातारी माझ्यापाशी आली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. “तोंडावळा वळखीचा वाटतो,” म्हणाली. “तू कोनाची व?”

बाकी सगळ्या जवळच होत्या. पाटी माझ्या मागं होती, मीच केलेली, वीतभर उंचीच्या अक्षरांची. लावू या, मोठी लावू म्हणणारी मी. गुरुजींना ऐकवणारी मी. त्या काकाची फजिती बघून पोट धरून हसणारी मी. आणि मी म्हटलं, “मी पाटीवाली. धुळ्याची.” म्हातारीनं हनुवटी सोडली आणि गेली. अक्कांनी ऐकलं. त्यांनी कणीक लागलेली परात माझ्या हातात दिली, धुवायला.

धुळ्यापर्यंत येताना मी स्वतःला समजावत आले. तू टाकेल होतीस, मी नाही. मी नांदती आहे, माझा नवरा पिवळ्यावर लाल लिही म्हणणारा आहे. अक्का नांदत्या होत्या तेव्हा त्यांनी तो शब्द म्हटला तर तू झोका थांबवलास. मग मला कुठला हक्क? पण मी तुझी आहे, त्या शब्दातच वाढले आहे, तो माझाही आहे की नाही? अक्कांकडे तू मांडा घेऊन गेलीस आणि म्हणालीस, आता म्हण. माझ्याकडे कोण येणार, माय?

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. खरं तर मी तुझी परवानगी मागायला बसले होते, तीही आता राहू दे, पाटी लागून गेली आहे आणि तू नको म्हणाली असतीस तरी मी लावली असती. एकच सांगायचं राहिलं. आत्ता, हे लिहिता लिहिता, मी ते मोठ्यानं म्हटलं. म्हातारीनं विचारलं होतं त्याचं उत्तर, वर्गातली ती पोर मला म्हणाली होती तसंच. मशीन चालू होतं, कुणाला ऐकू गेलं नाही.